मदत हवी आहे: जँगो (पायथनचं वेब फ्रेमवर्क) + पोस्टग्रेस (डेटाबेस), युजरनेम आपोआप बनवताना टक्कर होतेय आणि देवनागरी नावांचं काय करायचं?

नमस्कार मंडळी,

साइनअपला फक्त नाव आणि ईमेल घेतोय, युजरनेम आपणच बनवून द्यायचं असं ठरलंय. ते प्रोफाइलच्या यूआरएलमध्ये दिसणार, लोक एकमेकांना तोंडी सांगणार, म्हणून यूयूआयडीसारखी 36 अक्षरांची लांबण नकोय. ईमेलमधला ॲटच्या आधीचा भागही नको, त्यातून लोकांचा ईमेल सहज ओळखता येतो.

सध्याचा कोड असा की नाव स्लगिफाय करायचं (यूआरएलला चालेल असं साधं रूप द्यायचं), डेटाबेसमध्ये आहे का बघायचं, असेल तर मागे 1, मग 2, मग 3 लावत मोकळं सापडेपर्यंत फिरायचं. एकट्याने टेस्ट केलं की मस्त चालतं, पण दोन रिक्वेस्ट एकदम आल्या की दोघींना तेच नाव मोकळं दिसतं, दोघी इन्सर्ट करायला जातात आणि एकीला इंटिग्रिटी एरर. युनिक कॉन्स्ट्रेंट (तेच युजरनेम दोनदा नको, हा डेटाबेसचा नियम) असल्यामुळे डुप्लिकेट आत शिरत नाही हे बरंय, पण समोरच्या माणसाला 500 चं (सर्व्हर एररचं) पान दिसतं ना!

म्हणून आता आधी तपासायचंच नाही, सरळ इन्सर्ट करायचं आणि एरर आला तरच नवीन शेपूट लावून परत करायचं, असं करतोय. अडलंय ते इथे. ॲटॉमिक रिक्वेस्ट्स चालू आहे (म्हणजे अख्खी रिक्वेस्ट एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये), त्यामुळे एक इन्सर्ट आपटला की पोस्टग्रेस अख्खं ट्रान्झॅक्शन बाद धरतं आणि पुढची प्रत्येक क्वेरी 'करंट ट्रान्झॅक्शन इज अबॉर्टेड' म्हणून परत येते. प्रत्येक प्रयत्न वेगळ्या ॲटॉमिक ब्लॉकमध्ये टाकला तर सेव्हपॉइंट (मधला परतीचा टप्पा) बनतो आणि तेवढंच रोलबॅक होतं, हे चालतंय. पण हाच बरोबर मार्ग आहे की ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग (टक्कर झाली तर एरर न देता तो इन्सर्ट सोडून देणं) बरं? बल्क क्रिएटला इग्नोर कॉन्फ्लिक्ट्स देऊन ते होतं, पण मग ऑब्जेक्टला प्रायमरी की (त्या नोंदीचा आयडी) मिळत नाही, परत शोधावं लागतं.

शेपटाचं पण सांगा. चार आकडी रँडम म्हणजे 10,000 पर्याय, ऐकायला भरपूर, पण बर्थडे पॅराडॉक्समुळे (माणसं वाढली की जोड्या झपाट्याने वाढतात) एकाच नावाचे साधारण 120 लोक झाले की कुठेतरी टक्कर व्हायची शक्यता निम्म्यावर जाते. सारखी दिसणारी अक्षरं वगळून 32 अक्षरांतून सहा घेतली तर पर्याय 107 कोटींच्या वर, पण असलं युजरनेम फोनवर कोण सांगणार? मी चारवर राहून सलग टक्कर झाली तरच लांबी वाढवावी म्हणतोय.

आणि सगळ्यात जास्त डोकं खाल्लंय ते देवनागरी नावांनी. साध्या स्लगिफायने पूर्ण नाव उडतं, रिकामी स्ट्रिंग येते. अलाउ युनिकोड ट्रू केलं तर पायथनच्या रेजेक्समध्ये (अक्षरांचा पॅटर्न तपासणारा नियम) मात्रा शब्दाचा भाग धरल्या जात नाहीत, म्हणून सुनीताची 'सनत' होते. कुणाच्या नावाचं असं करून तेच त्याला कायमचं चिकटवणं मला अजिबात पटत नाही. रोमनमध्ये लिप्यंतर केलं तर रमेशच्या शेवटी जास्तीचा 'a' येतो (ramesha), कारण आपण न उच्चारलेला अ तो कोड मोजतो. हा शेवटचा अ नीट गाळणारी पायथन लायब्ररी कुणी खऱ्या प्रोजेक्टमध्ये वापरलीये का? की युजरनेम देवनागरीतच ठेवावं, मात्रा राखणारं स्वतःचं रेजेक्स लिहून?