हिवाळी ॲनिमे २०२४ : अर्धा हंगाम सरला, काय टिकलं, काय सुटलं?

हा धागा फेब्रुवारी २०२४मधला: जानेवारीत सुरू झालेला ॲनिमेचा (जपानी ॲनिमेशन मालिकांचा) हंगाम फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात आलाय. नव्या मालिकांचे ६-७ भाग झालेत, म्हणजे १२-१३ भागांच्या मालिकेचा बरोबर मध्य. तीन भाग बघून ठरवायची पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे, पण पहिले तीन भाग बहुतेक स्टुडिओ बराच वेळ देऊन घासूनपुसून ठेवतात. दम किती आहे ते त्यानंतर कळतं: मूळ मांगातलं (जपानी चित्रकथेतलं) काय गाळलं, चित्रं कुठे थिजली, कुठल्या प्रसंगासाठी हात राखून ठेवला होता.

म्हणून विनंती एवढीच, की "भारी आहे" आणि "बोअर झालं" यांच्या पुढे जाऊन कुठल्या भागावरून म्हणताय ते लिहा. शेवट फोडणार असाल तर आधी 'स्पॉयलर' लिहा.

नव्याने बघणाऱ्यांसाठी: जपानी वेळापत्रकात २५:०५ अशी वेळ दिसली तर ती छपाईची चूक नाही. तो मध्यरात्रीनंतरचा १:०५, फक्त आदल्या दिवसाच्या खात्यात मांडलेला. त्यातून साडेतीन तास वजा करा. शनिवारचे २५:०५ म्हणजे आपल्याकडे शनिवारीच रात्री ९:३५. ही झाली जपानी टीव्हीची वेळ. ॲपवर भाग यायला त्याहून उशीर होऊ शकतो.

\*\*\*

फ्रीरेन (भाग १७ ते २३)

फ्रीरेन या जादूगारणीच्या मालिकेचा ५ जानेवारीपासून दुसरा टप्पा. पहिल्या टप्प्याची चाल प्रवासाची होती: एक गाव, एक आठवण, एक निरुपयोगी मंत्र. १८व्या भागापासून पहिल्या श्रेणीच्या जादूगारांची परीक्षा सुरू झाली आणि एकदम डझनभर नवी पात्रं आली. बरेच जण इथेच वैतागलेत. "परीक्षा म्हणजे आता नेहमीची शोनेन (पोरांसाठीच्या मालिकांतली) मारामारी" हा आक्षेप २०व्या भागापर्यंत मलाही पटण्यासारखा वाटत होता, २१व्याने तो खोडला.

कसा, ते बघा. पहिली फेरी: तिघांचा गट, श्टिल्ले नावाचा पक्षी पकडायचा, दुसऱ्या दिवशी सूर्यास्ताला तो हातात हवा आणि तिघेही जिवंत हवेत. सगळ्या परिसरावर कवच, त्यामुळे आत पाऊस येत नाही. फ्रीरेनच्या गटातली कान्ने पाणी हलवू शकते, पण पाणी निर्माण करताना तिची ताकद संपते. म्हणजे ती दुबळी नाही, तिच्याकडे कच्चा माल नाही. आता २१व्या भागात फ्रीरेन काय करते? समोरच्याला हरवण्याआधी कवच फोडते. पाऊस पडतो आणि लढत तिथेच निकाली निघते. कोण किती बलवान यापेक्षा कोणाला कुठली परिस्थिती लागते, हे या मालिकेचं गणित आहे. ते आधीच्या तीन भागांत मुकाट्याने मांडून ठेवलं होतं, म्हणून १८-१९ घाईत बघू नका.

त्याच भागात मंत्रशक्ती संपलेले म्हातारे डेंकेन पक्षी हिसकावायला सरळ मुठी वळतात. परीक्षेच्या नियमात बसतं आणि पात्रही एका झटक्यात उभं राहतं.

२२वा भाग (९ फेब्रुवारी) जवळजवळ सगळा खाण्यापिण्यात आणि रुसव्याफुगव्यात जातो. त्याला 'भरताड' म्हणणाऱ्यांनी दिग्दर्शक केइइचिरो साइतो यांची रीत लक्षात घ्यावी: मोठ्या लढतीनंतर एक भाग श्वास घ्यायला. सलग २८ भाग काढणाऱ्या चमूला हा श्वास पडद्यामागेही लागत असणार, हा माझा अंदाज.

\*\*\*

वरच्याला +१. फक्त एक जोडतो. २३व्या भागात फ्रीरेन पुन्हा मिमिकच्या, म्हणजे पेटीचं सोंग घेतलेल्या राक्षसाच्या, जबड्यात डोकं घालते. तिचा ओळखमंत्र ९९ टक्के खात्रीने सांगतो की ही पेटी नाही, आणि ती उरलेल्या १ टक्क्यावर जाते. बरोबर आठ दिवस आधी 'डंजन मेशी' या दुसऱ्या मालिकेच्या ६व्या भागात मिमिकच होता. तिथे तो कवचात राहणारा खेकड्याच्या जातीचा प्राणी निघतो आणि मिठाच्या पाण्यात उकडला जातो. दोन्ही भाग लागोपाठ बघा. एकीकडे विनोद माणसाच्या स्वभावातून येतो, दुसरीकडे प्राण्याच्या शरीररचनेतून.

\*\*\*

डंजन मेशी (भाग १ ते ७)

नेटफ्लिक्सवर, या हंगामात दर गुरुवारी. स्टुडिओ ट्रिगर, दिग्दर्शक योशिहिरो मियाजिमा, पहिल्या पर्वाचे २४ भाग. र्‍योको कुइ यांचा मांगा १४ खंडांत पूर्ण झालाय, म्हणजे शेवट अधांतरी राहण्याची भीती नाही.

भुयारातले राक्षस शिजवून खाणाऱ्या गटाची ही मालिका 'काय खाल्लं' यापेक्षा 'कसं खाण्याजोगं केलं' यावर चालते. २ऱ्या भागातलं काकिआगे (भाज्यांची जपानी भजी) घ्या: भुयारातल्या एका सापळ्यातून तेल मिळतं, दुसऱ्या सापळ्यातून ज्वाळा, आणि गटाचा स्वयंपाकी सेन्शी त्यावर तळण काढतो. घरी करायचं झालं तर मॅन्ड्रेकच्या (मालिकेतल्या जादुई मुळाच्या) जागी गाजर-कांदा काडेपेटीच्या काडीएवढा पातळ चिरा, आधी कोरड्या मैद्यात घोळवा, मग बर्फाच्या पाण्यात कालवलेल्या पिठात जेमतेम बुडवा. तेल १७० ते १८० अंश. पीठ जास्त फेटलं की ग्लुटेन ताणलं जातं आणि काकिआगे चिवट होतं. गुठळ्या राहिल्या तरी चालतील. तेल थंड असेल तर भाज्या सुटून कढईभर पसरतात.

३ऱ्या भागातलं चालतं चिलखत हा आतापर्यंतचा कळस. चिलखताच्या पत्र्यांच्या सांध्यांत मृदुकाय प्राण्यांची वसाहत निघते. एकदा हे कळल्यावर ते चालतं कसं, त्याला मारायचं कसं आणि शिजवायचं कसं, या तिन्हींचं उत्तर एकच होतं.

७व्यावर मात्र तक्रार आहे. केल्पी (पाण्यातला घोड्यासारखा राक्षस), पेज आणि सॉस लावून भाजलेला परजीवी, असे तीन पदार्थ एका भागात कोंबलेत. केल्पीचा प्रसंग सेन्शीला खोलवर लागणारा आहे, त्याला अजून दोन मिनिटं हवी होती. चरबीतून साबण करण्याची कृती तर डोळे मिचकावताच संपते.

\*\*\*

७व्या भागातल्या क्राकेनबद्दल, म्हणजे महाकाय स्क्विडसारख्या समुद्री राक्षसाबद्दल (परजीवी त्याच्याच अंगातला). तो खायला वाईट निघतो हे गमतीत सोडू नका. खऱ्या महाकाय स्क्विडच्या ऊतींत अमोनियम क्लोराइड असतं. ते समुद्राच्या पाण्यापेक्षा हलकं, म्हणून प्राणी फार न पोहताही तरंगून राहतो, आणि त्यामुळेच मांस बेचव-कडवट लागतं. लेखिकेने हे वाचूनच लिहिलंय असं दिसतं.

आणि गटाचा म्होरक्या लायोस परजीवी कच्चा चाखतो, मग पोट धरून बसतो. स्क्विड आणि बांगड्याच्या जातीच्या माशांत अनिसाकिस नावाचा कृमी असतो. तो मरतो उणे २० अंशांवर २४ तास गोठवल्यावर, किंवा ६० अंशांवर एक मिनिट तापवल्यावर. व्हिनेगर, मीठ, सोया सॉस, वसाबी यांनी मरत नाही. घरी साशिमीचे (कच्च्या माशाचे) प्रयोग करणाऱ्यांनी हे वाक्य फ्रिजवर चिकटवावं.

\*\*\*

अपोथेकरी डायरीज (भाग १३ ते १९)

शनिवार, रात्री ९:३५. पुढे स्पॉयलर.

दुसऱ्या टप्प्यात औषधं आणि विषं जाणणारी नायिका माओमाओ राजवाड्याच्या बाहेरच्या दरबारात आली आणि "दर आठवड्याला एक सुटं कोडं" असा समज झाला. तो समज होऊ देणं हीच लेखनातली चाल आहे. कोठाराला लागलेली आग, कच्च्या माशाच्या पदार्थानंतर बेशुद्ध पडलेला अधिकारी, मेलेल्या कारागिराने तीन मुलांना ठेवलेला विचित्र वारसा: तिन्ही प्रकरणं वेगळी वाटतात आणि १९व्यात एकाच धाग्यात येतात. १५ला सोडून दिलेल्यांनी परत यावं.

कोडी तपासून बघितली तर बहुतेक टिकतात.

आग: पीठ हवेत उडालेलं, जागा बंद, आणि ठिणगी. तिन्ही एकत्र हवेत. पिठाची पोती पेटवायला गेलात तर नुसती धुमसतील. घनमीटरला साधारण ५० ग्रॅम पीठ हवेत तरंगत असेल तर भडका उडतो. माओमाओ पेटी आणि पीठ घेऊन करते ते प्रात्यक्षिक बरोबर आहे (करू नका).

मासा: संशय विषारी फुग्या माशावर जातो, पण दोषी समुद्रशैवाल. ओगोनोरी हे शैवाल चुन्यात मुरवून खाल्लं तर निर्धोक, ताजं कच्चं खाल्लं तर विषबाधा होऊ शकते. जपानमध्ये अशा घटनांची खरोखरच नोंद आहे.

वारसा (भाग १६, 'शिसं'): काचेच्या माशांच्या भांड्यातून ऊन एकवटतं, कुलपातला धातू वितळतो, त्याचीच किल्ली बनते. शिसं ३२७ अंशांना वितळतं, कथील २३२ला. पण ६३ भाग कथील आणि ३७ भाग शिसं एकत्र केलं की १८३लाच पाणी होतं. त्यात पुरेसा बिस्मथ धातू घातला तर १०० अंशांच्या आत. आपल्याकडे पितळेच्या भांड्याला कल्हई करताना कथील निखाऱ्यावर सहज पसरतं, तेही कथिलाच्या कमी वितळबिंदूमुळे. कारागिराचं गुपित म्हणजे हे प्रमाण. आता १९व्या भागात विधीच्या वेळी वरचा अवजड भाग का कोसळतो ते आठवा: त्याला धरून ठेवणारा धातूच कमी उष्णतेवर वितळणारा होता, आणि खाली अग्नी होता.

एक शंका राहतेच. एकवटलेलं ऊन कुलपाच्या नेमक्या भोकावर पडायला वर्षातली ठरावीक वेळ आणि खिडकीची ठरावीक जागा लागणार. मालिका खोलीच्या रचनेकडे बोट दाखवते, पण ते फार झटपट उरकतं.

\*\*\*

अ साइन ऑफ अफेक्शन

या हंगामातली सगळ्यात कठीण ॲनिमेशनची मालिका हीच, आणि कुणी बोलत नाही. नायिका युकी जन्मापासून बहिरी. जपानी सांकेतिक भाषेत नुसता हात काढून भागत नाही. भुवया, मान, ओठ हे व्याकरणाचा भाग आहेत. प्रश्न आहे की विधान, हे कित्येकदा चेहऱ्यावरून ठरतं. म्हणून हात दाखवायला जवळ जावं तर चेहरा चौकटीबाहेर, चेहरा ठेवावा तर बोटं लहान. आजिआ-दो स्टुडिओ बहुतेक वेळा कमरेपासून वरची चौकट घेतो आणि हातांची गती कापत नाही. स्वस्तातला उपाय समोरच्याच्या प्रतिक्रियेवर कट मारण्याचा होता.

सबटायटलचा घोळ लक्षात ठेवा. युकीचं मनातलं बोलणं, हातवारे, फोनवर टाइप केलेला मजकूर आणि ओठांवरून वाचलेलं, हे चार वेगळे मार्ग आहेत, पण खाली पट्टी एकसारखीच येते. कुठला मार्ग चाललाय ते चित्रातून ओळखावं लागतं. ओठांवरून तिला सगळं कळतं असंही नाही: 'प', 'ब', 'म' ओठांवर सारखेच दिसतात. 'पाय' आणि 'माय' आरशात बोलून बघा.

ही बघून सांकेतिक भाषा शिकायची इच्छा झाली तर उत्तम, पण भारतीय सांकेतिक भाषा वेगळी आहे. मालिकेतल्या खुणा इथे चालणार नाहीत.

\*\*\*

सोलो लेव्हलिंग (भाग १ ते ७)

चर्चा सगळ्यात जास्त हिचीच, म्हणून थोडं थंडपणे. मूळ कोरियन वेबटून मोबाइलवर उभा सरकवत वाचायचा. लांबच लांब उभी चित्रं, वाचणाऱ्याचा अंगठा हाच कॅमेरा. पडदा आडवा. ए-१ पिक्चर्सने यावर दोन उत्तरं काढलीत: कॅमेरा वर-खाली फिरवणं आणि लढत नव्याने आखणं. पहिलं १-२ भागांतल्या पुतळ्यांच्या दालनात फार प्रभावी ठरतं, कारण तिथे उंची हीच भीती. ७व्यातल्या सेर्बेरसच्या (तीन डोक्यांच्या राक्षसी कुत्र्याच्या) लढतीत दुसरं. मधल्या भागांत संवाद आले की चित्र थिजतं, आणि तिथे हिरोयुकी सावानोंचं संगीत ओझं वाहतं.

नायक जिनवूला एखाद्या गेमसारखं रोजचं काम मिळतं: १०० पुशअप, १०० सिटअप, १०० स्क्वॉट, १० किलोमीटर धावणं. न केल्यास वाळवंटात चार तास महाकाय गोमा. कथेची खरी अडचण याच्या पुढची: नायक वगळता कुणाला काही करायला उरत नाही. ज्यांना एकट्याची चढण बघायला आवडते त्यांना हे खटकणार नाही.

जपानी आवाजातली मालिका बघताना गोंधळ झाला तर: जपानमध्ये प्रसारित होणाऱ्या आवृत्तीत नावं जपानी आहेत, बाहेरच्या देशांसाठी जपानी आवाजातच कोरियन नावांची वेगळी आवृत्ती केलीय. आपल्याला सुंग जिनवू ऐकू येतो तो त्यामुळे.

\*\*\*

गेमसारखे मिळणारे सगळे गुण जिनवू ताकदीत ओततो यावर हरकत आहे. बुद्धीकडे इतकं दुर्लक्ष करून कुठलाही गेम खेळून बघा.

\*\*\*

उरलेल्या पटापट.

मॅशल २: शीर्षकगीत मालिकेपेक्षा मोठं झालंय. विनोद एकच आहे, जादूला मुठीने उत्तर. आवडला असेल तर बघा, नाहीतर नव्वद सेकंदांचं गीत पुरे.

ब्रेव्ह बँग ब्रेव्हर्न: पहिली पंधरा मिनिटं गंभीर लष्करी कवायत वाटते. बंद करू नका. मासामी ओबारी दिग्दर्शक आहेत, पुढे बोलणारा यंत्रमानव येतो आणि सगळा रंगच बदलतो. आधी काहीही वाचू नका, हा धागासुद्धा इथेच थांबवा.

मेटॅलिक रूज: बोन्स स्टुडिओची पंचविशी, लढती देखण्या. पण प्रत्येक भागात नव्या संज्ञा, आणि जुन्या समजावलेल्या नाहीत. बघायचीच असेल तर आठवड्याला एक नको. सगळे भाग सलग बघा, म्हणजे निदान नावं तरी लक्षात राहतील.

\*\*\*

कुठे बघायचं विचारणाऱ्यांना: २०२४मध्ये 'डंजन मेशी' नेटफ्लिक्सवर होती, वरच्या बाकी सगळ्या क्रंचीरोल या ॲनिमेच्या ॲपवर. क्रंचीरोलचा भारतातला सर्वात स्वस्त प्लॅन तेव्हा महिना ७९ रुपये होता. सोलो लेव्हलिंगला हिंदी डब आहे. फ्रीरेन मात्र जपानी आवाजातच बघा. तिथे पात्रं गप्प किती वेळ राहतात, ते सबटायटलमध्ये येत नाही.