मदत हवी आहे: घराला बँकेची नोटीस

खाडीकाठ
गुहागरजवळ घर आहे. काल बँकेची माणसं दारावर नोटीस चिकटवून गेली. आई कालपासून जेवलेली नाही. गणपती दीड महिन्यावर आलेत. घर जाणार का? लवकर सांगा.

राजापूरचा हापूस
कलम कुठलं? तारीख? बँक की पतसंस्था?

खाडीकाठ
सहकारी बँक. १३(२) लिहिलंय. होमस्टेचं कर्ज, सात हप्ते थकलेत.

राजापूरचा हापूस
मग ही सरफेसीची पहिली नोटीस. सरफेसी म्हणजे कोर्टात न जाता बँकेला गहाण मालमत्तेतून कर्ज वसूल करू देणारा कायदा. ६० दिवसांची मुदत असते, उद्या कोणी कुलूप लावत नाही. लेखी हरकत द्या, शिक्का मारून पोच घ्या. बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आम्ही नुसते मॅनेजरला भेटत राहिलो, हातात कागद एकही नाही. तेच नडलं.

घाटमाथा
सहकारी बँकेला सरफेसी लागूच नाही. दिवाणी कोर्टातून स्टे आणा.

सुरंगी
घाटमाथा, कृपा करून चुकीचं सांगू नका. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लागू आहे असा निकाल दिलाय. दिवाणी कोर्टाची वाट त्याच कायद्याच्या कलम ३४ ने बंद आहे. बँकेने १३(४) खाली ताबा घेतला तर ४५ दिवसांत डीआरटीत, म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणात जायचं.

घाटमाथा
सातबारा शेतीचा असेल तर हात लावता येत नाही, हे तरी खरं ना?

सुरंगी
नुसत्या सातबाऱ्यावर भागत नाही. गोव्यातल्या एका हॉटेलच्या खटल्यात २०१८ ला हेच ठरलं, जमीन प्रत्यक्ष कसलेली लागते.

मालवणी पाहुणचार
कर्ज काढून होमस्टे करूच नये. पावसाळ्यात चार महिने गिऱ्हाईक नसतं. आम्ही दोन खोल्यांवर निवास-न्याहारी चालवतो.

चाकरमानी ठाणे
तो विषय नंतर. खाडीकाठ, घर सामाईक आहे का? गहाणखतावर सह्या कोणाच्या?

खाडीकाठ
बाबा आणि काका दोघांच्या नावावर. सही फक्त बाबांची. बाबा मार्चमध्ये गेले.

राजापूरचा हापूस
अहो, हे आधी सांगायचं! कर्जासोबत विमा होता का? खातेउताऱ्यात हप्ता कापलेला दिसेल.

सुरंगी
नोटीस मयताच्या नावाने असेल तर हरकतीत तेही लिहा, वारसांची नावं द्या. काकांनी स्वतःच्या हिश्श्याची वेगळी हरकत द्यावी. आणि तारीख अजून सांगितली नाहीत.

खाडीकाठ
गेल्या सोमवारची. नोटीस बाबांच्याच नावाने आहे. उताऱ्यात पहिल्याच महिन्यात विम्याचे पैसे कापलेत, पॉलिसी शोधतोय. काका रात्रीच्या गाडीने निघतायत.