शब्दचर्चा: ‘मिताते’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: जपानी लाकडी ठशांच्या चित्रांवर लेख लिहिते आहे. सुझुकी हारुनोबुच्या एका चित्रात नटलेली तरुणी बोरूच्या काडीवर उभी राहून नदी पार करते आहे. मूळ दंतकथा बोधिधर्म या बौद्ध भिक्षूची, म्हणजे जपान्यांच्या दारुमाची. या प्रकाराला ‘मिताते-ए’ म्हणतात. मी ‘विडंबनचित्र’ लिहिलं, पण खटकतंय.

– खटकणारच. विडंबन म्हटलं की टर आलीच. ‘विटंबना’ त्याचीच सख्खी बहीण. मिताते नजरेचा शब्द आहे. ‘मिरु’ म्हणजे पाहणं, ‘तातेरु’ म्हणजे उभं करणं. जपानीत डॉक्टरच्या निदानालाही मिताते म्हणतात आणि किमोनोचं कापड पारखून निवडण्यालाही! शाळेतली उत्प्रेक्षा आठवा, ती ‘जणू’वाली. तिच्यातही ‘ईक्ष्’, म्हणजे पाहणंच आहे.

– ताई, ‘उत्प्रेक्षाचित्र’ लिहिलंत तर वाचक पान उलटेल. सरळ ‘सोंग’ म्हणा. आणि टर अजिबात नसते असंही नाही. दारुमा नऊ वर्षं भिंतीकडे तोंड करून बसला, तर योशिवारा या एदोतल्या (आजच्या टोकियोतल्या) वेश्यावस्तीतली एक गणिका म्हणाली म्हणे, त्यात काय, आम्ही इथे दहा वर्षं बसतो. दारुमाच्या वेशातल्या गणिकांची चित्रं पाहताना हा टोला आठवतोच.

– टोला मान्य, सोंग नाही. हारुनोबुचीच १७६६च्या सुमाराची ‘झाशिकी हाक्केइ’ मालिका घ्या. चीनमधल्या शिआओ-शिआंग परिसराची आठ प्रसिद्ध दृश्यं त्याने घरात आणली. दांडीवरचा टॉवेल म्हणजे परतणारी शिडं, कोतो या तंतुवाद्याच्या तारांखालच्या, तिरप्या रांगेतल्या घोड्या म्हणजे उतरणारे रानहंस, घड्याळाचे ठोके म्हणजे देवळाची सांजघंटा. आता सांगा, टॉवेलने कुठलं सोंग घेतलंय? सोंगासाठी त्यांच्याकडे वेगळा शब्द आहे, ‘यात्सुशी’: थोरामोठ्यांना आजच्या साध्या वेशात आणणं. आपल्या गवळणीत कृष्ण वाट अडवतो आणि मावशी त्याच्याशी तमाशाच्या बोलीत हुज्जत घालते ना, ते याच्या जवळचं. गंमत म्हणजे आज ज्यांना सर्रास मिताते म्हणतात, त्यांतल्या बऱ्याच चित्रांवर तेव्हा ‘यात्सुशी’च छापलेलं असे.

– म्हणजे माझी तरुणी नेमकी कशात बसते?

– दोन्हीत. म्हणून लेखात ‘मिताते’च ठेवा, आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘जणूचित्र’ लिहून पाहा.

– ‘जणूचित्र’! संपादक मुद्रणदोष समजून ‘अणुचित्र’ करतील. तरी पाठवते.