मदत हवी आहे: कमी खर्चात मागचं अंगण सजवायचंय

मंडळी, घरामागे साधारण 10 बाय 12 फुटांचं अंगण आहे. फरशी जुनी, समोर बोडकी भिंत. बजेट म्हणाल तर नावालाच, त्यामुळे घरातल्याच वस्तू वापरतेय.

रंगाचे रिकामे डबे धुऊन, तळाला खिळ्याने चार-पाच भोकं पाडून कुंड्या केल्या. दिसतात झकास, पण भोकांच्या कडेने गंज धरलाय आणि फरशीवर तांबडे गोल उमटलेत. घासून जात नाहीत! डब्यांना आतून काही लावायचं की खाली विटांचे तुकडे ठेवले तरी पुरे?

दुसरं, भिंतीवर दुपारनंतर चार तास कडक ऊन असतं. मनी प्लांट लावला होता, आठवड्यात पानं करपली. चूक माझीच, तो सावलीतला गडी. आता तिथे चिनी गुलाब टांगावा म्हणतेय. अर्ध्या कापलेल्या बाटल्यांत जगेल का, की माती फार लवकर सुकेल?

भिंत रंगवायचीही आहे, पण खालचा फूटभर भाग ओल धरतो, पोपडे सुटतात. ओल न काढता रंग देणं म्हणजे पैसे पाण्यात, एवढं कळतं. तेवढा भाग कशाने झाकता येईल? जुनी लाकडी फळी टेकवून ठेवलीय, तिला मात्र वाळवीची भीती वाटते.

कुणी असं काही केलं असेल तर फोटो नक्की टाका.