डच विद्यापीठातलं एक सत्र : तुमचे अनुभव लिहा

दर वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी ओळखीतल्या कुणाच्या तरी मुलीचा नाहीतर मुलाचा फोन येतो. "मावशी, एक्सचेंजसाठी नेदरलँड्सचं विद्यापीठ मिळतंय. जाऊ का?" मी लगेच जा म्हणते आणि तासभर बोलत बसते. फोन ठेवल्यावर वाटतं, सांगायचं तेच राहिलं. म्हणून हा धागा.

मी 2012 साली पाच महिने वाखनिंगनला होते. ऱ्हाईनच्या काठचं लहानसं गाव आणि शेतीचं विद्यापीठ. एका वेळी दोनच विषय, एक सकाळी, एक दुपारी, आणि दोन महिन्यांत परीक्षा होऊन मोकळं. आपल्याकडे वर्षभर सहा विषय एकदम रेटायची सवय. पहिल्या आठवड्यात हलकं वाटलं, तिसऱ्यात धाप लागली.

माझा विषय काचगृहातली भाजी. काचगृहं लांबून रोज दिसायची, संध्याकाळी त्यांचा पिवळा उजेड आभाळात चढायचा, पण महिना झाला तरी आत कुणी नेईना. परदेशी मुलांना दाखवत नसतील, अशी मी मनाची समजूत घातली. शेवटी धीर करून सरांना विचारलं. (तिथे सर म्हणायचं नाही, नावानेच हाक मारायची. ते माझ्या जिभेवर शेवटपर्यंत बसलं नाही.) ते म्हणाले, "उद्या साडेआठला ये. आधी का नाही विचारलंस?" दुसऱ्या दिवशी दोन तास ते माझ्याबरोबर टोमॅटोच्या ओळींतून फिरले. मातीचा कण नाही. खडक वितळवून केलेल्या लोकरीच्या लाद्यांमध्ये मुळं, आणि दोरीला टांगलेले वेल डोक्याच्याही वर गेलेले.

तिथे आपणहून कुणी विचारत नाही. आपण विचारलं की मात्र सरळ उत्तर मिळतं, हो असो की नाही. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर माझा एक महिना वाचला असता.

तुम्ही कुठे होतात, काय अडलं, काय हाती लागलं? फी आणि व्हिसाचे तक्ते नकोत, स्वतःवर आलेलं लिहा.

मास्ट्रिख्ट, 2017

मी पुण्याची, अर्थशास्त्राची. मास्ट्रिख्टचं विद्यापीठ 1976 चं, आणि तिथे सुरुवातीपासून शिकवायची पद्धतच वेगळी. व्याख्यानं मोजकी. बाकी सगळं बारा-तेरा जणांच्या टेबलाभोवती. समोर एक प्रश्न ठेवतात, म्हणजे अर्ध्या पानाची एखादी घटना. त्यात काय कळत नाही ते आपणच शोधायचं, फळ्यावर लिहायचं, घरी जाऊन वाचायचं आणि पुढच्या बैठकीला येऊन एकमेकांना समजावायचं. चर्चा चालवणारा विद्यार्थी, फळ्यावर लिहिणारा विद्यार्थी. शिक्षिका कोपऱ्यात बसलेल्या, गाडी फारच भरकटली तर एखादं वाक्य बोलणार.

मी सगळं वाचून जायचे. नेमून दिलेलं, शिवाय त्याच्या तळटिपांमधलंही. आणि गप्प बसायचे. मनात वाक्य तयार व्हायचं, पण ते नीट जुळेपर्यंत कुणीतरी बोलून पुढे गेलेलं असायचं. एक जर्मन मुलगा मला ठाऊक असलेलंच चुकीचं सांगत होता आणि सगळे लिहून घेत होते. तरी मी गप्प.

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी बाईंनी थांबवून घेतलं. ओरडल्या नाहीत, गोडही बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "तुझ्या वहीत सगळं आहे, मी पाहिलं. पण या टेबलाला त्याचा काही उपयोग झाला नाही." मला रडू आलं. आपल्याकडे शांत बसणारी मुलगी म्हणजे गुणी मुलगी. इथे माझं शांत बसणं म्हणजे बाकीच्यांचं नुकसान, हे डोक्यात शिरायलाच दोन दिवस गेले.

पुढच्या मंगळवारी चर्चा चालवायची पाळी मी स्वतः मागून घेतली. हात थरथरत होते, खडू दोनदा पडला. पण सूत्रधाराला गप्प बसता येत नाही, त्यामुळे सुटका झाली. त्या जर्मन मुलाला मी म्हटलं, "हे मला पटत नाही, पान अमुक बघ." त्याने पान उघडलं, वाचलं, "बरोबर आहे तुझं" म्हणाला आणि खोडलं. राग नाही, मान-अपमान नाही. नंतर आम्ही एकत्र जेवायला गेलो. माझ्यासाठी त्या सत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच.

उट्रेख्त, 2018

खोलीचं लिहायलाच हवं, कारण जाणाऱ्याचा जीव तिथेच टांगणीला लागतो. विद्यार्थ्यांच्या मानाने खोल्या फारच कमी. विद्यापीठाने सुचवलेल्या वसतिगृहाची नोंदणी ज्या मिनिटाला उघडते त्याच मिनिटाला बसावं लागतं. मी वीस मिनिटं उशिरा बसले आणि काहीच उरलं नव्हतं.

मग जाहिराती. एका बाईने सुंदर फोटो पाठवले, "मी सध्या परदेशात आहे, दोन महिन्यांची अनामत पाठव, किल्ली कुरिअरने येईल." बाबा पैसे पाठवायला बँकेत निघालेच होते. दादाने त्या घराचा पत्ता नकाशावर पाहिला तर तिथे शाळा होती. प्रत्यक्ष किंवा कुणाच्या तरी डोळ्यांनी घर पाहिल्याशिवाय एक युरोही देऊ नका.

अखेर खोली मिळाली ती 'होस्पितेरेन'मधून. म्हणजे घरातली मुलं एका संध्याकाळी दहा-पंधरा उमेदवारांना स्वयंपाकघरात बोलावतात, गप्पा मारतात आणि रात्री ठरवतात कुणाला घ्यायचं. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमाचं दडपण कसं असतं ते मला तिथे कळलं. मी खरं तेच सांगितलं : पाचच महिने आहे, मांस खात नाही, स्वयंपाक चांगला करते. शेवटच्या मुद्द्यावर घेतलं असावं.

त्या घरात फ्रिजवर जेवणाची यादी असायची. आज जेवणार असाल तर नावापुढे खूण, रांधणार असाल तर वेगळी खूण. सहाला जेवण. रांधणारा खर्च भागून सगळ्यांना मोबाइलवर पैसे मागायचा. पहिल्यांदा 1 युरो 35 सेंटची मागणी आली तेव्हा मला फार लागलं. घासाचे पैसे मागतात! आजीला सांगितलं असतं तर तिने परत बोलावलं असतं. पण महिन्याभराने लक्षात आलं की त्या घरात कुणाच्या मनात कुणाबद्दल काही साठत नाही. मी वरणभात, बटाट्याची भाजी आणि कोशिंबीर केली त्या दिवशी यादीवर आठच्या आठ खुणा होत्या, आणि मीसुद्धा न लाजता 1 युरो 10 सेंट मागितले.

ग्रोनिंगन, 2015

माझं थोडक्यात. तिथे त्याला 'ख्रोनिंगन' म्हणतात, घशातून. शहराच्या गाभ्यातून मोटारीने आरपार जाता येत नाही. 1977 मध्ये त्यांनी गाभ्याचे चार भाग केले, एकातून दुसऱ्यात जायचं तर मोटारीला बाहेरच्या रस्त्याने वळसा. सायकल मात्र सरळ जाते. त्यामुळे सायकल म्हणजे हातपाय.

जुनी सायकल घेतलीत तर तिला बहुधा हाताचा ब्रेक नसेल. पायडल उलट दाबायचं, मग थांबते. आपल्याला पायडल उलटं फिरवत बसायची सवय असते, मी भर चौकात तसं केलं आणि सायकल जागच्या जागी थांबली. मागची बाई माझ्यावर आदळली, आम्ही दोघंही पडलो. तिने माझं खरचटलेलं कोपर पाहिलं, ब्रेक कसा लावायचा ते रस्त्याच्या कडेला दोनदा करून दाखवलं आणि निघून गेली. नाव-गाव काही विचारलं नाही.

आणि वारा. नोव्हेंबरात समोरून आला की उतारावरही पायडल मारावं लागतं. असं मी म्हणतो खरं, पण उतार म्हणजे कालव्यावरच्या पुलाचाच. दुसरा उतार त्या गावात नाही.

नाशिकहून

मी विद्यार्थिनी नाही, विद्यार्थ्याची आई. लेक 2018 मध्ये आइंडहोवनला होता. तिथे दुपारचे बारा म्हणजे आपले साडेतीन, तेव्हा त्याची जेवणाची सुट्टी. पहिल्याच सोमवारी बोलता बोलता फोनमधून भोंगा सुरू झाला, युद्धात वाजतो तसा. थांबेचना. मी इकडे "काय झालं रे, काय झालं" करते आहे, गॅसवर चहा उतू गेला. तो म्हणाला, "आई, इथे कुणीच पळत नाहीये." शेजारच्या मुलीला त्याने विचारलं, ती म्हणाली, दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी बाराला देशभर भोंगे तपासतात. पुढचे चार महिने त्या सोमवारी मी घड्याळाकडे बघून फोन लावायचे, तो भोंगा ऐकू यावा म्हणून. ऑक्टोबरच्या शेवटी त्यांची घड्याळं तासभर मागे गेली, तेव्हा माझी वेळ साडेचार झाली. पालकांनी हे लक्षात ठेवा, नाहीतर उगीच काळजी करत बसाल.

गुणांबद्दल, उट्रेख्तहूनच, 2016

तक्ते नकोत म्हणालात तरी एक सांगतो, कारण माझं नुकसान झालं. एक्सचेंजमध्ये फी आपल्याच कॉलेजात भरायची असते, तिथली वेगळी नाही. नव्वद दिवसांहून जास्त राहायचं तर रहिवासी परवान्याचा अर्ज विद्यापीठच करतं. हे सगळं सुरळीत झालं. घोळ झाला तो परतल्यावर.

तिथे दहापैकी गुण, साडेपाचला उत्तीर्ण. "दहा देवाचे, नऊ मास्तरांचे" असं तिथे म्हणतात, आणि खरोखरच आठ मिळाले की मुलं पार्टी करतात. मला दोन आठ आणि एक साडेसात. आमच्या कॉलेजने त्याचे ऐंशी आणि पंचाहत्तर टक्के केले आणि माझा क्रमांक घसरला. जाण्याआधीच गुण कसे बदलणार ते लेखी घ्या, सहीशिक्क्यानिशी. श्रेयांकांचंही तसंच : सत्राला तीस, एका श्रेयांकामागे 28 तासांचा अभ्यास धरतात. मी तोंडी आश्वासनावर गेलो होतो.

लायडेन, 2014

मी संस्कृतची. लायडेनला 1865 पासून संस्कृतचं अध्यासन आहे, पहिले प्राध्यापक हेंड्रिक केर्न. त्यांच्या नावाची भारतविद्येची संस्था 1924 ची. मी त्यासाठीच गेले होते, आणि ग्रंथालयातल्या त्या शांत दुपारी अजून स्वप्नात येतात. पण लिहायचं आहे ते दुसरंच.

कढीपत्ता कुठे मिळेल म्हणून विचारलं तर वर्गातली एक मुलगी म्हणाली, "हेगला पॉल क्रूगरलानवर जा, माझी आजी तिथेच राहते." मुलगी दिसायला आपल्यासारखी, बोलायला अस्सल डच. आगगाडीने पंधरा मिनिटं. रस्ता उतरले तर साड्यांची दुकानं, मिठाई, 'बारा' म्हणतात ते वडे, रोटी.

आजी सुरीनाममध्ये, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या जुन्या डच वसाहतीत जन्मलेल्या. त्यांचे पूर्वज बिहारकडचे, उसाच्या मळ्यांवर करार करून नेलेले. पहिलं जहाज 'लल्ला रूख' 5 जून 1873 ला तिथे लागलं. पुढे 1975 मध्ये सुरीनाम स्वतंत्र झालं त्या सुमारास हजारो कुटुंबं नेदरलँड्सला आली, हेही त्यातलेच. आजी सरनामी बोलत होत्या, भोजपुरीच्या घरातली भाषा. मी हिंदीत बोलत होते. मधे अडलं की नात डचमधून इंग्रजीत सांगायची. त्यांनी मला विचारलं, "तुमच्याकडे जात्यावर गातात का?" मला माझ्या आजीची एक ओवी अर्धी येत होती, ती म्हटली. त्यांनी डोळे मिटून ऐकली आणि मग त्यांची म्हटली. चाल वेगळी, पण दळताना हात जसा फिरतो तसाच त्यांचा हात टेबलावर फिरत होता. जातं त्यांनी आयुष्यात पाहिलेलं नव्हतं. हात आईकडून आलेला.

कढीपत्ता त्यांनी कुंडीतला तोडून दिला.

डेल्फ्ट, 2019

मी सांगलीचा. ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं, आमचा तळमजला पूर्ण बुडाला. दहा दिवस चिखल उपसला आणि महिनाअखेरीला विमानात बसलो. जाऊ नये असंच वाटत होतं. आई म्हणाली, "पाण्याचंच शिकायला चाललायस ना? मग जा."

पहिल्या तासाला प्रत्येकाने आपण का आलो ते सांगायचं होतं. मी पुलावरचा आकडा सांगितला. तास संपल्यावर प्राध्यापकांनी कागदावर एकच शब्द लिहून दिला : नायमेखन.

शनिवारी गेलो. तिथे वाल नदीला शहरापाशी अरुंद वळण होतं. 1995 च्या पुरात त्या नद्यांच्या खोऱ्यातून अडीच लाख माणसं हलवावी लागली. त्यानंतर त्यांनी ठरवलं की बांध आणखी उंच करत बसायचं नाही, नदीला जागा द्यायची. देशात तीसहून अधिक ठिकाणी हे केलं. नायमेखनला पलीकडच्या काठाचा बांध साडेतीनशे मीटर मागे सरकवला आणि मधे नवा प्रवाह खोदला. पन्नासेक घरं उठली.

त्या नव्या पाण्याच्या काठी एक म्हातारे गृहस्थ कुत्रा घेऊन बसले होते. मी विचारलं, घरं गेली त्या लोकांचं काय झालं? ते माझ्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, "मी त्यांच्यातलाच." दीड तास बोलले. किती बैठका झाल्या, ते पहिल्या बैठकीत कसे ओरडले, नकाशा कसा बदलला. पैसे नीट मिळाले. "पण आईने लावलेलं नासपतीचं झाड त्यांना हलवता आलं नाही." मग त्यांनी बोटाने दाखवलं, पाण्यात साधारण कुठे होतं ते.

नेदरलँड्समध्ये पाण्यासाठी वेगळी मंडळं आहेत, सध्या 21, त्यांची मुळं तेराव्या शतकापर्यंत जातात. त्यांचा कर वेगळा, निवडणूकही वेगळी. मला तोपर्यंत वाटायचं की आपल्याकडे पैसा नाही, तंत्र नाही. त्या दिवसापासून वाटतं की आपल्याकडे त्या बैठका नाहीत. नदीकाठच्या माणसाला ओरडायला बोलावतच नाहीत.

आता मी सांगलीतच असतो. जुलै लागला की पुलावर जाऊन पाण्याची पट्टी बघतो. पूररेषेच्या आत नवा पाया दिसला की माहितीच्या अधिकारात अर्ज टाकतो. आजवर अकरा टाकले, चारांना उत्तर आलं. बारावा तयार आहे.

कोल्हापूरहून

मी येत्या फेब्रुवारीत ग्रोनिंगनला निघाले आहे. सगळं वाचलं, दोनदा. ग्रोनिंगनच्या दादांना विचारायचं होतं : तो पायाचा ब्रेक इथेच शिकून येता येईल का?

ग्रोनिंगन, 2015

इथे तशी सायकल सहसा मिळत नाही. तिथे पोचल्यावर पहिल्या रविवारी सकाळी रिकाम्या पार्किंगमध्ये अर्धा तास फिर. कुलपं दोन घे, एक चाकाचं, एक साखळीचं. आणि पुढे-मागे दिवा लाव, फेब्रुवारीत संध्याकाळी सहाला अंधार असतो.