माळढोक अभयारण्यावर लिहिताना माहिती आणि नैतिक विचार एकत्र कसे आणावेत?

प्रश्न : विद्यार्थिनी, सोलापूर

नमस्कार. मी सोलापुरात पर्यावरणशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकते. या सत्रात आम्हाला नीती आणि पर्यावरण या विषयावर दीर्घ निबंध लिहायचा असून मी त्यासाठी सोलापूरजवळच्या नान्नजचे, माळढोक या पक्ष्यासाठी राखलेले अभयारण्य निवडले आहे. माहिती जमवणे अवघड गेले नाही. १९७९ मध्ये अभयारण्य घोषित झाले तेव्हा सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांतील ८,४९६ चौरस किलोमीटर क्षेत्र त्यात धरले होते, म्हणजे गावे, शेते, रस्ते असे सगळेच त्यात आले, आणि पुढे ते १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत खाली आणले गेले. माळढोकाची मादी साधारणपणे वर्षाला एकच अंडे उघड्या जमिनीवर घालते. या जड पक्ष्याला उडताना अगदी समोरचे नीट दिसत नाही, त्यामुळे तो विजेच्या तारांवर आदळतो. आज उरलेले बहुतेक माळढोक राजस्थानात आहेत आणि नान्नजला त्याचे दर्शन अतिशय दुर्मीळ झाले आहे.

अडचण यापुढे येते. ‘मग काय केले पाहिजे’ या भागाशी पोहोचले की ‘निसर्गाचे रक्षण करणे हे प्रत्येकाचे कर्तव्य आहे’ अशी वाक्ये लेखणीतून उतरतात, आणि आधीच्या सगळ्या पानांचा त्यांच्याशी काही संबंध उरत नाही. तेच वाक्य उजनी धरणावरच्या निबंधाच्या शेवटीही जसेच्या तसे बसेल. या विषयाची तळमळ मला आहे आणि ती लेखनात उतरावी असे मनापासून वाटते. पण तळमळ आणि युक्तिवाद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे या वर्षात मला कळले आहे. नैतिक प्रश्न निबंधात कोठून सुरू करावा? शेतकऱ्याचे नुकसान आणि एका प्रजातीचा नाश यांचा विचार एकत्र करता तरी येतो का?

उत्तर : निवृत्त शिक्षक, होटगी रस्ता

नैतिक प्रश्न शेवटच्या पानासाठी राखून ठेवू नका. ज्या ठिकाणी दोन चांगल्या गोष्टी एकमेकींच्या आड येतात तेथे तो आधीच उभा असतो, आणि तुमच्या विषयात अशी जागा पहिल्याच पानावर सापडेल.

झाडांचेच उदाहरण घ्या. झाड लावणे हे निरपवाद सत्कृत्य आहे, हे शाळेपासून आपल्या मनावर बिंबलेले असते. मात्र माळढोकाला मोकळे माळरान लागते. धोका दुरून दिसावा, अंडे घालण्यास उघडी जमीन मिळावी, गवतात नाकतोडे आणि भुंगेरे असावेत, एवढ्यावर त्याचे जगणे अवलंबून असते. याच कारणाने नान्नज परिसरातील गिरिपुष्प या झाडाच्या लागवडीवर अभ्यासकांनी आक्षेप घेतला. जेथे वर्षाला सरासरी सुमारे ५५० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तोही लहरीने, तेथे गवताळ माळ ही पडीक जमीन नव्हे, ती एक स्वयंपूर्ण परिसंस्था आहे. लांडगा, काळवीट आणि धाविक, चंडोल या पक्ष्यांचे ते घर आहे. आता विचारा : हेतू शुद्ध असून परिणाम घातक झाला तर त्या कृतीला आपण काय म्हणणार? ज्ञान मिळवण्याची जबाबदारी हाच नीतीचा एक भाग नाही काय? पाहा, येथे पक्ष्याची माहिती आणि नैतिक विचार वेगळे काढताच येत नाहीत.

लिहिताना एक शिस्त पाळा. ‘असे केले पाहिजे’ हे वाक्य लिहिले की ते कोणी करायचे, कोणाच्या खर्चाने आणि कशाचा त्याग करून, हे त्याच परिच्छेदात सांगा. सांगता येत नसेल तर ते वाक्य अजून पिकलेले नाही.

उत्तर : शेतकरी, वडाळा परिसर

सरांचे म्हणणे पटले, पण खर्चाबाबत आमच्या बाजूने थोडे सविस्तर लिहितो. आमच्या वडिलांच्या पिढीने हा पक्षी ज्वारी-करडईच्या रानात हिंडताना पाहिला आहे आणि त्याला कोणी शत्रू मानले नाही. पुढे पाण्याची सोय झाली तसा ऊस आला, द्राक्षे आली. नान्नजची द्राक्षे आज नावाजलेली आहेत आणि त्यांनी कित्येक घरांतील कर्जे फेडली आहेत. मांडव, तारा आणि सततची वर्दळ यांमुळे माळढोकाला तेथे जागा राहिली नाही, हे खरे आहे. मात्र त्या शेतकऱ्याने बाग लावायला नको होती, असे शहरात बसून लिहिणाऱ्याने आधी त्याच्या मुलीच्या शिक्षणाचा खर्च कोठून येतो ते विचारावे.

अभयारण्याच्या हद्दीमुळे आमच्या भागात जमिनीच्या व्यवहारांना आणि बांधकामांना वर्षानुवर्षे अडथळे आले. पक्षी साऱ्या देशाचा, आणि झळ काही तालुक्यांना. हा अन्याय तुमच्या निबंधात यावा. तसेच धनगरांची मेंढरे या माळांवर पिढ्यान्‌पिढ्या चरत आली आहेत. त्यांना केवळ उपद्रव म्हणून रंगवू नका.

उत्तर : वकील, सोलापूर

थोडक्यात कायद्याची बाजू. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ४८अ आणि ५१अ(ग) आले, म्हणजे पर्यावरणरक्षण हे राज्याचेही आणि नागरिकाचेही काम ठरले. आशियाई सिंहांच्या स्थलांतराच्या प्रकरणात २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मानवकेंद्री दृष्टीऐवजी निसर्गकेंद्री दृष्टी स्वीकारली आणि माळढोकासारख्या संकटग्रस्त प्रजातींसाठीही तातडीने पावले उचलण्यास सांगितले. मात्र २०२१ मध्ये राजस्थान आणि गुजरातमधील वीजवाहिन्या भूमिगत करण्याविषयी दिलेला आदेश त्याच न्यायालयाने २०२४ मध्ये बदलला, कारण सौर व पवन ऊर्जेची गरजही पर्यावरणाचीच आहे. येथे विकासाविरुद्ध निसर्ग असा सरळ सामना नाही. २०२४ चा हा निकाल तुम्ही मुळातून वाचावा, कारण विरुद्ध बाजू पूर्ण बळाने मांडून मग निर्णयाकडे कसे जावे याचा तो चांगला पाठ आहे.

विद्यार्थिनी, सोलापूर

आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. माझी भूमिका आता अशी होते आहे : नष्ट झालेल्या प्रजातीची भरपाई कोणत्याही रकमेने होत नाही, शेतकऱ्याच्या तोट्याची मात्र होऊ शकते, म्हणून पक्ष्याला प्राधान्य द्यावे, परंतु त्याचा खर्च समाजाने सार्वजनिक निधीतून उचलावा, आणि जोवर तो उचलला जात नाही तोवर शेतकऱ्याकडून त्यागाची अपेक्षा करण्याचा अधिकार आपल्याला नाही. वडाळ्याच्या काकांना एक विचारते. माळ मोकळा ठेवण्यासाठी करार करायचा झाल्यास आपल्या भागातील लोक कोणत्या अटी मान्य करतील?

शेतकरी, वडाळा परिसर

बागायत सोडून हलक्या जमिनीचाच करार होईल. मुदत किमान पाच वर्षांची असावी, कारण एका हंगामासाठी कोणी पिकाचे नियोजन बदलणार नाही. रक्कम ज्वारीच्या चालू भावाशी जोडलेली असावी आणि ती पेरणीपूर्वी हाती यावी. चराई बारमाही बंद करू नये. पावसाळ्यात पक्षी अंडी घालतो, तेवढ्या काळापुरती ठरावीक माळांवर थांबवावी आणि त्या वेळी मेंढपाळांना चारा पुरवावा. हे निबंधात घालणार असाल तर आधी दोन-चार मेंढपाळांनाही विचारा, कारण माझ्या तोंडून त्यांचे म्हणणे पूर्ण येणार नाही.