शस्त्रक्रियेनंतर कर्करोग पसरेल का, हे गणित किती सांगू शकते?

मुलुंडकर

नमस्कार. माझ्या आईची स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया नुकतीच परळला झाली. रिपोर्टनुसार गाठ २.५ सेंटीमीटर, ग्रेड २ (सूक्ष्मदर्शकाखाली पेशी किती बिघडलेल्या दिसतात याची श्रेणी), काखेतील दोन नोड म्हणजे लसिका ग्रंथी बाधित आणि ईआर पॉझिटिव्ह, म्हणजे पेशींवर इस्ट्रोजेन संप्रेरकाचे ग्राहक, आहे. डॉक्टरांनी ही माहिती संगणकावर भरून केमो घेतल्यास आणि न घेतल्यास दहा वर्षांनंतरची शक्यता टक्क्यांत दाखवली. स्कॅनमध्ये शरीरात इतरत्र काहीही दिसत नसताना हे टक्के येतात कुठून, आणि ते माझ्या आईला कितपत लागू पडतात? ओपीडीतल्या गर्दीत हे विचारायचे राहून गेले, म्हणून येथे विचारत आहे.

संख्याशास्त्र शिकवणारा, विलेपार्ले

आपण पाहिलेले टक्के बहुधा रुग्णनोंदींवर आधारलेल्या प्रारूपातून, म्हणजे गणिती मॉडेलमधून आले असावेत. अशा प्रारूपाचे सर्वांत सोपे उदाहरण म्हणजे १९८२ सालचा नॉटिंगहॅम निर्देशांक, जो कागदावरही मांडता येतो. गाठीच्या सेंटीमीटरमधील आकाराला ०.२ ने गुणायचे, त्यात ग्रेड मिळवायचा आणि शेवटी नोडचे गुण मिळवायचे. एकही नोड बाधित नसेल तर १, एक ते तीन असतील तर २ आणि त्याहून अधिक असतील तर ३. आपल्या आईंसाठी ०.५ अधिक २ अधिक २, म्हणजे ४.५; ३.४ ते ५.४ हा मध्यम जोखमीचा गट मानतात. या सूत्रात ग्रेड एका पायरीने वाढणे हे गाठ पाच सेंटीमीटरने वाढण्याइतके जड धरले आहे, म्हणजे गाठीच्या आकारापेक्षा पेशींचा स्वभाव अधिक बोलतो.

मात्र हा आकडा गटाचा असतो. सारख्या रिपोर्टच्या शंभर स्त्रियांपैकी साधारण किती जणींना त्रास होईल हे तो सांगतो. त्या कोणत्या, हे सांगण्याची सोय त्या सूत्रात नाही.

जीवगणिताची विद्यार्थिनी, पवई

स्कॅनबद्दलच्या आपल्या शंकेचे उत्तर दुसऱ्या प्रकारच्या प्रारूपांत आहे. एका पेशीपासून एक सेंटीमीटरची गाठ होण्यासाठी साधारण तीस वेळा दुप्पट व्हावे लागते आणि तिच्यात सुमारे शंभर कोटी पेशी असतात. एक मिलिमीटरची वसाहत, म्हणजे इतरत्र रुजलेल्या पेशींचा पुंजका, जी स्कॅनवर सहसा दिसत नाही, ती तोवर वीस वेळा दुप्पट झालेली असते. म्हणजे स्कॅन स्वच्छ असणे ही चांगलीच बातमी आहे, परंतु वाढीचा पहिला मोठा टप्पा स्कॅनच्या नजरेआडच पार पडतो.

जपानमधील इवाता आणि सहकाऱ्यांनी २००० साली मांडलेल्या प्रारूपात मूळ गाठ पेशी बाहेर सोडते, त्या दूरच्या अवयवात रुजतात आणि मग स्वतःही पेशी सोडू लागतात. यकृताच्या कर्करोगाच्या एका रुग्णाच्या सीटी स्कॅनवरून त्यांनी काढलेला, गाठीचा आकार आणि पेशी रुजण्याचा वेग यांना जोडणारा घातांक ०.६६३ होता, म्हणजे गाठ आठपट झाली की पेशी रुजण्याचा वेग सुमारे चौपट होतो. शस्त्रक्रियेने हा मूळ स्रोत बंद होतो, आणि आधीच रुजलेल्या वसाहती किती असतील याचा अंदाज बांधणे एवढेच काम उरते. गाठीची वाढ ते गोम्पर्ट्झच्या सूत्राने मोजतात. हे सूत्र १८२५ साली मृत्युदरासाठी मांडले गेले होते. त्यानुसार गाठ लहान असताना वेगाने वाढते आणि मोठी होत जाते तशी मंदावते. यातूनच केमोच्या दोन मात्रांमधले अंतर कमी ठेवावे, म्हणजे उरलेल्या लहान वसाहतींना पुन्हा वाढायला उसंत मिळणार नाही, हा विचार पुढे आला. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत तीनऐवजी दर दोन आठवड्यांनी केमो देण्याचा फायदा दिसला. माझ्या मते या गणिताची खरी किंमत अशा निर्णयांत आहे. एका रुग्णाचे भविष्य वर्तवण्याइतके ते अजून पक्के नाही.

परिचारिका, परळ

वरील दोघांच्या उत्तरांना दोन गोष्टी जोडते. प्रेडिक्ट हे बरेच वापरले जाणारे साधन इंग्लंडच्या पूर्व भागातील रुग्णनोंदींवर बेतलेले आहे, आणि ते जगण्याची शक्यता सांगते, रोग पसरण्याची नव्हे. त्यामुळे आपल्याला कोणत्या साधनाचे टक्के दाखवले आणि ते नेमके कशाचे, हे आधी विचारून घ्या.

दुसरे असे, की अशा साधनांत शस्त्रक्रियेच्या वेळी काय केले याला रकानाच नसतो. टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने भारतातील १५८३ स्त्रियांवर झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, गाठ काढण्यापूर्वी तिच्याभोवती लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधाचे इंजेक्शन दिलेल्या गटात पाच वर्षे रोगमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण ८६.६ टक्के, तर न दिलेल्या गटात ८२.६ टक्के आढळले. एवढा फरक घडवणारी गोष्टही गणनयंत्राच्या बाहेर राहू शकते.

पुढच्या भेटीत "आई किती वर्षे जगेल" असे न विचारता "केमोमुळे शंभरांत किती जणींचा फायदा होतो, आणि आईचे वय व हृदय पाहता तो त्रासापेक्षा मोठा आहे का" असे विचारा. मूळ हिस्टोपॅथॉलॉजी रिपोर्ट सोबत न्या, कारण एचईआर-२ (पेशींवरील एक प्रथिन) आणि केआय-६७ (पेशी किती वेगाने वाढतात याची खूण) यांचे निकाल बदलले तर टक्केही बदलतात.

मुलुंडकर

आपणा सर्वांचे मनापासून आभार. एचईआर-२ चा रिपोर्ट अजून यायचा आहे. म्हणजे दाखवलेले टक्के तो रकाना मोकळा ठेवूनच काढलेले असणार. तो आल्यावर डॉक्टरांना सर्व माहिती पुन्हा भरायला सांगेन आणि केमोचा निर्णय त्यानंतरच घेऊ.